टोच्याची पोर

"आई, इंजेक्शन नाही तर बाळ नाही."

माझ्या लेकीने हे पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं. ती तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिच्या मिडवाइफने, म्हणजे इथल्या परदेशातल्या सुईणीने, बजावलं होतं, की बाळाला जो कोणी हातात घेणार त्याने आधी डांग्या खोकल्याची लस घ्यायची, आणि तीही बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी, कारण अंगात मुरायला तिला तेवढा वेळ लागतो. बाळाची स्वतःची पहिली लस जन्मानंतर दीड महिन्याने. तोवर घरातल्या मोठ्यांनी शहाण्यासारखं वागायचं. लेकीने घेतली. जावयाने घेतली आणि पुढचे दोन दिवस त्याला टी-शर्टात हात घालता येईना, लेक त्याला लहान मुलासारखे कपडे घालत होती. राहिले मी.

"मला कशाला गं?" मी म्हटलं. "डांग्या खोकला पोरांना होतो. मी पंचाहत्तरीची बाई."

"आई, नो आर्ग्युमेंट्स."

"मी कोणाची मुलगी आहे माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर हसू येतंय."

तर मी कोणाची मुलगी, ते सांगते. माझे बाबा आमच्या गावच्या नगरपालिकेत देवी टोचायचे काम करायचे. हुद्दा व्हॅक्सिनेटर, पण तो शब्द गावात त्यांच्याखेरीज कोणाच्या तोंडात बसत नव्हता. गाव त्यांना म्हणायचं 'टोच्या'. खाकी कोट, डोक्यावर टोपी, सायकलच्या कॅरिअरला बांधलेली लाकडी पेटी. ते आळीच्या तोंडाशी दिसले, की कोणीतरी पोरगं बोंब ठोकायचं, "टोच्या आला रेऽऽ!" आणि भरल्या आळीतून मिनिटभरात पोरं गायब. कोणी माळ्यावर, कोणी गोठ्यात, कोणी आजीच्या पलंगाखाली. आयासुद्धा त्यात सामील. "आमच्यात पोरंच नाहीत," असं एक बाई दारात उभी राहून सांगायची आणि तिच्या मागे दोरीवर बारा लंगोट वाळत असायचे.

लोक घाबरायचे ते उगाच नाही. ती आजच्यासारखी सुई नव्हती. बारीक दात्यांची एक चकती असायची, दांडीवर बसवलेली. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती टेकवायची आणि किल्ली फिरवल्यासारखी गर्रकन फिरवायची. पुढे तिथे फोड यायचा, पिकायचा, खपली धरायची आणि जन्मभराचा रुपयाएवढा वण राहायचा. शिवाय अफवा होत्याच. टोचलं की पोरगं सरकारजमा होतं, टोचलं की देवीचा कोप होतो, आणि काय काय.

यावर बाबांनी उपाय काढला. तो उपाय म्हणजे मी.

मी तेव्हा सहासात वर्षांची. माझ्या देवी कधीच टोचून झाल्या होत्या. पण बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे, आळीच्या मधोमध ओट्यावर उभं करायचे आणि चार बाया जमल्या की म्हणायचे, "बघा हो, माझी स्वतःची पोर आहे. हिला आधी टोचतो." आणि माझ्या दंडावर कोरडी चकती फिरवायचे. लस नाही, काही नाही, नुसता खेळ. पण दाते खरेच होते! माझं काम एवढंच, की हूं का चूं करायचं नाही आणि गोड हसायचं. "दुखलं का गं बाळ?" बाबा विचारायचे. "नाऽही!" मी मान हलवायचे. मग मला लिमलेटची गोळी.

अहो, काय हसायचे मी! आरशासमोर उभं राहून सराव केला होता. माझं हसू बघून एक एक आई पोराला बखोटीला धरून ओढून आणायची आणि ती पोरं माझ्याकडे अशी बघायची, की शाळेत डब्यातली चटणीसुद्धा कोणी मला देईना. 'टोच्याची पोर' म्हणून मी गावात प्रसिद्ध. एकदा बाबा गोळी आणायला विसरले.  मी ओट्यावर चढले, चकती फिरली आणि मी असं काही भोकाड पसरलं, की रांगेतली सगळी पोरं उधळली. एक तर थेट नदीपर्यंत पळाला. बाबा पेटी टाकून त्याच्या मागे, टोपी एकीकडे, चप्पल एकीकडे. त्या दिवसापासून गोळ्या दोन झाल्या.

टोचून झालं तरी बाबांचं काम संपायचं नाही. काही बाया मोठ्या हुशार, टोच्याची पाठ वळली की ओल्या फडक्याने लस पुसून टाकायच्या. म्हणून बाबा उठायचेच नाहीत. ओसरीवर बसकण मारायचे, पाऊसपाण्याच्या गप्पा काढायचे, चहा प्यायचे आणि एक डोळा पोराच्या दंडावर ठेवायचे. थेंब वाळला की मग पुढचं घर. इतका चहा पिऊन त्यांना पित्त झालं. आठवड्याने फोड बघायला जायचे, तर दाराला कडुलिंबाचा पाला बांधलेला, घरात फोडणी बंद आणि सासूबाई हलक्या आवाजात सांगणार, "आई आल्यात हो घरात." बाबा कपाळाला हात लावायचे. "अहो, आई नाही, नगरपालिका आली आहे!"

सांगायचा मुद्दा, लहानपणी या दंडावर लस एकदाच पडली, बाकी सगळी बाबांची नोकरी. लग्नानंतर मी ठरवलं होतं, की झालं तेवढं पुरे. कोविडच्या वेळी सगळ्या जगाने बाह्या वर केल्या, मीही केली आणि तेव्हाच जाहीर केलं, की हा दंड आता रिटायर झाला. तर आता ही माझी पोटची पोर मला पुन्हा ओट्यावर चढवायला निघाली.

मी टाळाटाळ सुरू केली. कधी सर्दी, कधी चतुर्थी. एकदा लेकीने शॉपिंग सेंटरमधल्या फार्मसीत माझी लशीची वेळ घेतली आणि मला दारात सोडून ती गाडी लावायला गेली. मी फार्मसीत शिरले, जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांचं एक पाकीट विकत घेतलं, शेजारच्या देशी दुकानात जाऊन कढीपत्त्याच्या फ्रीजमागे एक पट्टी दंडावर लावली आणि तिची वाट बघत बाकावर बसले. चेहरा किंचित पडलेला. मला वाटलं, काय डोकं चालवलंय!

गाडीत बसल्यावर लेकीने विचारलं, "झालं?"

"झालं."

तिने सहज हात पुढे केला आणि पट्टीवर अंगठ्याने चांगलं दाबलं. "दुखतंय?"

आणि मी, एवढे पावसाळे पाहिलेली बाई, गोड हसून मान हलवली. "नाऽही!"

जन्माची सवय हो! दंडाला हात लागला की चेहरा आपोआप हसतो. जावयाची अवस्था तिने दोन दिवस बघितली होती.  तिने पट्टी सोलून काढली, तिची बारीक गोळी केली आणि माझ्या हातावर ठेवली. घरी येईपर्यंत रेडिओ चालू होता आणि मी खिडकीबाहेरची नवी घरं बघत होते. ती काही मला आवडतात असं नाही.

तरी मी बधले नसते. बधले ते विहीणबाईंमुळे.

विहीणबाई म्हणजे जावयाच्या आई. पुण्याला असतात, दर रविवारी व्हिडिओवर भेटतात. बाई चांगल्या आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या प्रत्येक बाबतीत दोन पावलं पुढे असतात, ते मला सोसत नाही. त्या रविवारी त्यांनी फोन तिरका करून आपला गोरापान दंड दाखवला. "घेतली बरं का मी लस, महिना झाला! म्हटलं, विमानातून उतरले की नातवंड थेट मांडीवर. तुमची कधीच झाली असेल ना, विहीणबाई?"

लेक माझ्याकडे बघत होती. जावई छताकडे बघत होता.

"या आठवड्यात आहे," मी म्हटलं. मांडीवर पहिला मान त्यांचा आणि मी दाराशी उभी! तेवढं काही मला पटत नव्हतं.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कम्युनिटी सेंटरमध्ये लसीकरणाचं सेशन असतं, तिथे आम्ही गेलो. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, एका कोपऱ्यात खेळणी आणि पोरांचा असा कल्ला, की मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. निम्मी पोरं आपलीच. आया मराठीत, तेलुगूत, पंजाबीत समजावत होत्या आणि पोरं एकजात इंग्लिशमध्ये नाही म्हणत होती. माझ्या शेजारच्या खुर्चीत चार वर्षांची एक टपोऱ्या डोळ्यांची मुलगी खुर्चीचा पाय धरून बसली होती. तिची आई घायकुतीला आली होती.

माझ्या अंगात बाबा संचारले. मी नर्सला म्हटलं, "मी फर्स्ट. शी विल सी." आणि त्या पोरीला म्हटलं, "बघ हं, आजीला काही होत नाही." बाही वर केली. नर्सने सुई टोचली. मी ते ठेवणीतलं हसू काढलं. सगळी खुर्च्यांची रांग माझ्याकडे बघत होती. "सी? नो पेन!"

ती पोर माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती. मग तिने बोट दाखवून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, "शी इज लाइंग! लुक ॲट हर टोज!"

सगळे बघायला लागले. चपलेत माझ्या पायाची बोटं आवळून बसली होती. नर्स खो खो हसली, लेक हसली, ती घायकुतीला आलेली आईसुद्धा हसली. आख्ख्या गावाला मी फसवलं होतं, पण गावात कोणी माझ्या पायांकडे बघितलं नव्हतं. "इट हर्ट्स अ लिटल," मी त्या पोरीला म्हटलं. तिने विचार केला, खुर्चीचा पाय सोडला आणि आईच्या मांडीवर चढली. रडली, पण टोचून घेतलं.

मग मला पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, तसा नियम आहे. नर्स मधूनच येऊन माझ्याकडे नजर टाकत होती. मी तिला म्हटलं, माझे वडीलही असेच बसायचे, पण ते चहा प्यायचे. तिला मजा वाटली. मग मी माझी जुनी शंका काढली. हा रोग पोरांचा, तर आम्हा म्हाताऱ्यांना कशाला टोचता? लेक मध्ये बसून जिथे अडेल तिथे भाषांतर करत होती.

नर्स म्हणाली, मोठ्या माणसांनाही होतो, पण ओळखू येत नाही. साधा खोकला, महिना दीड महिना चालतो, माणूस म्हणतो धूळ लागली, हवा बदलली. काम करत राहतो. आणि घरी येऊन बाळाला जवळ घेतो.

एवढं सांगून ती दुसऱ्या खुर्चीकडे गेली. मी तिथेच बसून राहिले.

मला एक भाऊ होता. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तो तीन महिन्यांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला आणि त्यातच तो गेला. तो खोकला ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. ढास लागायची, थांबायची नाही, बाळ निळं पडायचं आणि शेवटी श्वास आत ओढताना एक लांबलचक आवाज यायचा. आई त्याला उभं धरून घरभर फिरायची. बाबांनी सगळ्या गावाला देवीपासून वाचवलं, पण त्यांच्या पेटीत या खोकल्याची लस नव्हती. जगात कुठे असेल तर असेल, आमच्या गावापर्यंत पोहोचली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं, आयुष्यभर माहीत होतं. पण त्या खुर्चीत बसल्यावर जे आठवलं ते वेगळंच. त्या हिवाळ्यात, भाऊ आजारी पडायच्या आधी, बाबा खोकत होते. कितीतरी दिवस. आई त्यांना अडुळशाचा काढा द्यायची आणि ते म्हणायचे, "काही नाही गं, आळ्या आळ्यांतून फिरतो, धूळ जाते घशात." संध्याकाळी सायकल लावून हातपाय धुतले, की आधी भावाला उचलून घ्यायचे. त्याच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र करायचे आणि तो हसायचा.

तेच झालं होतं का? आता कोण सांगणार! बाबांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांना हे कधीच कळलं नसावं, अशी मी देवाची करुणा भाकली. लेकीने विचारलं, "आई, चक्कर येतेय का?" मी नाही म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते मी तिच्यापासून लपवलंही नाही.

चार दिवसांनी लेकीला कळा सुरू झाल्या. तारखेला अजून तीन आठवडे होते! विहीणबाई नेमक्या आदल्या दिवशी उतरल्या होत्या, बाईंचं टायमिंग बघा. नात झाली. छोटीशी, पण खणखणीत. आणि माझी लस अजून अंगात मुरायची होती. लेकीने बिचारीने मला रागावून काही सांगितलं नाही. उलट हॉस्पिटलच्या खोलीत ती माझा हात धरून म्हणाली, "आई, थोडेच दिवस. प्लीज." कारस्थानं करून मीच ते दिवस घालवले होते. मी दाराशी मास्क लावून उभी राहिले आणि विहीणबाईंच्या मांडीवर माझी नात.

घरी आल्यावर तर माझी मोठीच गंमत झाली. मी अळिवाची खीर करायची, डिंकाचे लाडू वळायचे आणि लांबच्या सोफ्यावर बसून बघायचं. बाळाला तेल विहीणबाई लावणार, टाळू त्या भरणार, न्हाऊ त्या घालणार. वर मला विचारणार, "नाक तुमच्यावर गेलंय का हो? जरा बघा ना!" एवढ्या लांबून मला नाक काय दिसणार, कपाळ! मी म्हणायचे, "तुमच्यावरच गेलंय, फार नीटस आहे." आणि स्वयंपाकघरात जाऊन लाडू जरा जास्तच घट्ट वळायचे.

एका दुपारी लेक आंघोळीला गेली होती. जावई सामान आणायला गेला होता. विहीणबाई मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत पुण्याला फोनवर बोलत होत्या, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मी सोफ्यावर. आणि बाळ जागं झालं.

आधी कुरकुर. मग रडणं. मग ते टिपेचं, श्वास अडकेल असं रडणं, ज्याने बाईच्या छातीत कळ उठते. मी तिच्या छोट्या पाळण्यापाशी, त्या बासिनेटपाशी गेले. पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. इवलीशी जिवणी वाकडी करून ती रडत होती आणि नाक, सांगते, माझंच होतं. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू. कोणी बघणारं नाही. मला खोकला नाही, सर्दी नाही, काही नाही. तोंडाला मास्क. दोन मिनिटं छातीशी धरलं असतं तर कोणाला कळणार होतं? आणि आयुष्यभर नियमांना चकवलेली बाई मी, कढीपत्त्याच्या फ्रीजमागे चिकटपट्टी लावलेली!

माझे हात पुढे झालेच होते. ते मी मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत गच्च अडकवले. बाबाही आपल्याला काहीच झालेलं नाही, असंच म्हणत होते.

"अहो विहीणबाई!" मी मागच्या दाराकडे धावले. "अहो, ठेवा तो फोन! बाळ रडतंय!"

त्यांना ऐकू येईना. मी सरकता दरवाजा उघडून अनवाणी हिरवळीवर गेले आणि त्यांच्या हातातलं ओलं दुपटं ओढून घेतलं. "चला आधी आत! घ्या तिला!"

विहीणबाई लगबगीने आत आल्या, नातीला उचललं, खांद्यावर घेतलं, थोपटलं. रडणं थांबलं. मी ते ओलं दुपटं छातीशी धरून दारातच उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मला त्यांचा इतका हेवा वाटत होता, की काय सांगू.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "अहो, उचलायचंत ना पटकन. इथे कोण बघत होतं?"

"मी बघत होते ना," मी म्हटलं.